पिशवी कुठली घेतली?

आकाशातून उडी मारणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. भीती वाटत नाही का, आणि घरच्यांनी सोडलं कसं. तिसरा प्रश्न कुणाला सुचत नाही. वाळूजला सुचतो. इथं विचारतात, पिशवी कुठली घेतली?

त्याला कारण आहे. १९८५ साली बजाजचा कारखाना इथं आला, त्याच्या पाठोपाठ सुटे भाग बनवणारे आले, त्यांच्या पाठोपाठ त्या सुट्या भागांचे सुटे भाग बनवणारे आले. तेव्हापासून या परिसरातली निम्मी माणसं वस्तू तयार करतात आणि उरलेली निम्मी ती पिशवीत भरतात. मी दुसऱ्या निम्म्यातला. पॅकिंग खात्यात जन्म गेला. या खात्याला मान किती, तर प्रॉडक्शनवाला म्हणतो ‘आम्ही बनवतो’, क्वालिटीवाला म्हणतो ‘आम्ही पास करतो’, आणि दोघं मिळून म्हणतात, ‘पॅकिंगवाले काय, नुसते भरतात.’ माल पार्टीकडे चकचकीत पोचला तर पाठ प्रॉडक्शनची थोपटतात. त्याच मालावर गंजाचा एक ठिपका निघाला की रात्री अकराला फोन पॅकिंगवाल्याला: व्हीसीआय पिशवीचं तोंड नीट बंद केलं होतं का?

अशा माणसाला अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. ‘मामा, एक पिशवी निवडायचीय. तुम्ही पॅकिंगला होतात ना?’ माझ्या खात्याचा सल्ला कुणी आपणहून मागावा, हे नोकरीत कधी घडलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला.

भाचा बजाजनगरात वाढला, संभाजीनगरात इंजिनिअर झाला आणि तिकडे गेला. शनिवार-रविवारी तिकडची माणसं म्हणे घरापुढचं गवत कापतात. हा विमानातून उडी मारतो. आधी साधी मारायचा, आता विंगसूट घालून मारतो. विंगसूट म्हणजे हात आणि धड यांच्यामध्ये, शिवाय दोन पायांच्या मध्ये कापड असलेला पोशाख. त्या कापडाच्या कप्प्यांत हवा भरते आणि माणूस पडायचं सोडून पुढं सरकायला लागतो. साधी उडी मारणारा पालथा पडताना ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं खाली येतो. विंगसूटवाला त्याच्या निम्म्याहून कमी वेगानं उतरतो आणि मीटरभर खाली येईतो दोन-अडीच मीटर पुढं गेलेला असतो. हा पोशाख पहिल्यांदा घालण्याआधी किमान २०० उड्या झालेल्या असाव्यात, असं तिथल्या पॅराशूट संघटनेचं म्हणणं आहे. आम्ही फोर्कलिफ्टवर नवा माणूस बसवताना त्याला दोन चकरा मारायला लावायचो, त्याही जेवणाच्या सुट्टीत.

माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, यातलं फार माहीत नाही. ‘शनिवारी मित्रांबरोबर बाहेर जातो’ एवढंच तिला सांगितलेलं आहे, आणि ते खोटं नाही.

आता पिशवी. पाठीवर जो कंटेनर बांधतात त्यात दोन पॅराशूट असतात, एक रोजचा, म्हणजे मेन, आणि एक अडीअडचणीचा, म्हणजे रिझर्व्ह. रोजचा पॅराशूट घडी करून एका कापडी पिशवीत भरतात आणि ती पिशवी कंटेनरमध्ये बसवतात. तिला डिप्लॉयमेंट बॅग म्हणतात. भाच्याच्या तोंडी डी-बॅग. पॅराशूटच्या दोऱ्या या पिशवीच्या बाहेरून, वळ्या करून, रबरांत अडकवलेल्या असतात. वेळ आली की हात मागं नेऊन कंटेनरच्या तळाशी खोचलेला छोटा पायलट चूट वाऱ्यात टाकायचा. तो वारा धरतो, त्याची लांब पट्टी ताणली जाते, पट्टीवरची पिन निघते, कंटेनर उघडतो, पिशवी बाहेर येते. आणि इथं खरी गोम आहे. बाहेर आली म्हणून पिशवीनं लगेच उघडायचं नाही. आधी सगळ्या दोऱ्या एकेक करून सुटायच्या, ताठ व्हायच्या. शेवटची दोन रबरं पिशवीचं तोंड धरून बसलेली असतात. ती सुटली की मगच कापड बाहेर.

एसटीचा कंडक्टर दारात उभा राहून ‘आधी उतरू द्या, मग चढा’ म्हणतो, तेच हे काम. फरक इतकाच की आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर त्याचं कुणी ऐकत नाही आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली तरी कुणी मरत नाही. इथं कापड आधी घुसलं तर माणसाला असा हिसका बसतो की मणका वाजतो. आणि तोंड उघडलंच नाही, तर पॅराशूट पिशवीत आणि माणूस पिशवीखाली, अशी दोघांची जोडी खाली येते. म्हणजे या पिशवीला पगार मिळतो तो उशीर करण्याचा, पण नेमका तेवढाच उशीर. उशिरात इतका नेमकेपणा मी आजवर कुठल्याच कचेरीत पाहिलेला नाही.

साध्या उडीत हे सगळं बरं चालतं. वारा पोटाकडून येतो, पिशवी पाठीवरून सरळ वर उचलली जाते. विंगसूटवाल्याचं तसं नाही. तो पुढं चाललेला, वारा डोक्याकडून पायाकडे. त्यामुळं पिशवी वर न जाता मागं, पायांच्या दिशेनं ओढली जाते. वाटेत कंटेनरचे खालचे दोन कोपरे. त्यातल्या एकात पिशवी जराशी घुटमळली की दुसरी बाजू आधी सुटते आणि पिशवी गिरकी घेते. पिशवी फिरली की दोऱ्यांना पीळ, आणि पिळाखाली लटकलेला माणूस, ज्याचे हात अजून पंखांच्या बाह्यांत आहेत. त्यात एवढं कापड अंगावर पसरलेलं, की पाठीमागं हवेची एक मरगळलेली जागा तयार होते. पायलट चूट तिथंच रेंगाळला तर ओढणार कोण? म्हणून विंगसूटवाले तो मोठा घेतात आणि पट्टी नेहमीच्या सात फुटांऐवजी नऊ-दहा फुटांची लावतात. भाच्यानं एवढं सगळं आधीच केलेलं होतं. कोपरे उघडणारा कंटेनरही घेतला होता. तरी अधूनमधून पीळ पडत होता. संशय पिशवीवर होता.

ही केस मी एकट्यानं चालवणं योग्य नव्हतं. संध्याकाळी टपरीवर आमची बैठक असते. सगळे एमआयडीसीतले, काही निवृत्त, काही निवृत्तीच्या घाटात. मी मोबाइलवर भाच्यानं पाठवलेले फोटो काढले.

क्वालिटीवाल्यांनी पहिला प्रश्न त्यांच्या जातीला शोभेल असाच टाकला. रिजेक्शन किती? भाच्यानं सांगितलं होतं की हजार उड्यांत एखादा मेन पॅराशूट दगा देतो, असं त्यांच्यात सर्रास बोललं जातं. क्वालिटीवाल्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. ‘म्हणजे हजार पीपीएम! आमच्या पार्टीनं पन्नासला आमची लाइन बंद केली असती आणि वर आम्हालाच पुण्याला बोलावून प्रेझेंटेशन करायला लावलं असतं.’ पुढं त्यांना कळलं की पायलट चूटच्या पट्टीला एक छोटी खिडकी असते. पॅराशूट उघडल्यावर पायलट चूट मिटावा म्हणून पट्टीतून एक दोरी जाते. घडी घालताना ती पुन्हा ताणून ठेवावी लागते. ताणलेली असेल तर खिडकीत रंग दिसतो, विसरली असेल तर दिसत नाही. हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. व्हिज्युअल कंट्रोल! इतकी वर्षं हा माणूस शॉप फ्लोअरवर हिरवे-लाल ठिपके चिकटवत हिंडला आणि लोक हसले. आता चौदा हजार फुटांवर त्याचा ठिपका लागलेला होता. त्यांनी त्या खिडकीचा फोटो मागून घेतला आणि खाली ‘ओके / एनजी’ असे दोन चौकोन काढून भाच्याला परत पाठवला.

स्टोअरवाल्यांचं लक्ष रबरावर. जुन्या पद्धतीच्या पिशवीत सगळ्या दोऱ्या रबरांत असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. सुटतानाही डावं, उजवं, डावं, उजवं असे झटके बसतात आणि पिशवी मान हलवत बाहेर येते. साध्या उडीत ते खपून जातं. विंगसूटमध्ये ओढ आधीच तिरकी, त्यात हा नाच. नव्या पद्धतीच्या पिशवीत तोंडाची दोन रबरं तेवढी ठेवतात आणि बाकीच्या दोऱ्या एका खिशात सैल वळ्यांनी मांडतात. त्या सरळ, एका दमात निघतात. त्यांच्या बोलीत ही सेमी-स्टोलेस. पण स्टोअरवाल्यांना भावली ती वेगळीच गोष्ट. हे रबर मजबूत असून चालत नाही. दोरी कुठं अडकलीच तर ते तुटलं पाहिजे. कधी न तुटणाऱ्या सिलिकॉनच्या कड्याही मिळतात, आणि पुष्कळ लोक त्या नेमक्या याच कारणासाठी टाळतात.

‘त्यो बाहेरून कामून मागवायला? आपल्याकडं पोतंभर हाय,’ स्टोअरवाले म्हणाले. ‘आपले रबर तर न सांगताच तुटतेत.’

त्यांना समजावलं की हे वेळेवर तुटायला हवं, कपाटात नव्हे. ते थोडे नाराज झाले.

तिसरा प्रकार चुंबकाचा. पिशवीच्या खिशाचं तोंड रबराऐवजी चुंबकानं बंद. दिसायला देखणं, घडी झटपट. यावर प्रेस शॉपमधून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी एकच वाक्य उच्चारलं, ‘आमच्या शॉपमध्ये चुंबक ठेवून बघा.’ ज्यानं वाळूजच्या कुठल्याही प्रेस शॉपमधून चक्कर मारून घरी येऊन बुटांचे तळवे पाहिलेत, त्याला याचं स्पष्टीकरण नको. आठवड्यात त्या चुंबकाला लोहचुरीची दाढी आली असती. भाच्याचं विमानतळ स्वच्छ आहे, तिथं लोहचुरी नाही, हे मी सांगून पाहिलं. ‘आज नाही,’ ते म्हणाले.

सगळ्यात उपयोगी निघाले सीटकव्हरवाले. या माणसानं मोटारसायकलींची किती सीटकव्हरं शिवली असतील त्याला सुमार नाही. पिशवीचे फोटो त्यांनी बोटांनी मोठे करून पाहिले, टाके मोजले, कोपऱ्यावर थांबले. ‘हिचा कोपरा जास्त उभा आहे. कापड पण जाड. एवढी पट्टी आत दुमडायची काय गरज? इथंच अडकत असेल.’ पिशवी बुटकी हवी, कोपरे मऊ हवेत, बाहेर काही वर आलेलं नको, आणि मापात हवी. सैल झाली तर पॅराशूट आत लोळतो, घट्ट झाली तर बाहेर यायला कुरकुरतो. भाचा नंतर म्हणाला की तिथल्या जाणकारांनीही त्याला जवळजवळ हेच सांगितलं होतं, फक्त तासाच्या हिशेबानं.

या धंद्यात शिवणाऱ्यांचं राज्य जुनंच आहे. पॅराशूट घडी करून पिशवीत भरता येतो हे ज्यांनी करून दाखवलं त्यांत केटे पाउलुस या जर्मन बाईचं नाव पुढं येतं. ती मूळची शिवणकाम करणारी, आणि पहिल्या महायुद्धात तिनं जर्मन सैन्यासाठी हजारोंनी पॅराशूट तयार केले. फ्रान्झ रायशेल्ट हा पॅरिसचा शिंपी. त्यानं स्वतः शिवलेला उडता अंगरखा घालून ४ फेब्रुवारी १९१२ ला आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून उडी मारली. बाहुली टाकून चाचणी घेतो, असं सांगून परवानगी काढली होती. आयत्या वेळी स्वतःच चढला आणि तिथंच गेला. ट्रायल लॉट न काढता थेट डिस्पॅच केल्यावर दुसरं काय होणार, असं क्वालिटीवाले म्हणाले, पण हळू आवाजात म्हणाले.

सीटकव्हरवाले मात्र रंगात आले होते. ‘अमेरिकेतून कशाला घ्यायची? मला माप पाठव म्हणावं. इथंच शिवून देतो. रेग्झिन नको असलं तर नायलॉन आणू.’ वाळूजच्या हवेतच हे आहे. परदेशी वस्तू दिसली की इथल्या माणसाला आधी तिचा ड्रॉइंग नंबर दिसतो आणि मग निम्म्या किमतीत ती कशी होईल ते दिसतं. यावर आमचे अनेक संसार उभे आहेत, त्यामुळं मी हसणार नाही. पण भाच्यानं पॅट्रिक द गेयार्दोंची गोष्ट सांगितली. आजचा विंगसूट ज्याच्यामुळं उभा राहिला तो हा फ्रेंच माणूस. हजारो उड्यांचा धनी, आपलं सामान स्वतः सुधारणारा. १३ एप्रिल १९९८ ला हवाईत तो गेला तो विंगसूटमुळं नव्हे. पाठीवरच्या सामानात त्यानं स्वतः एक बदल केला होता, आणि त्या शिवणकामातली चूक त्याला भोवली. सीटकव्हरवाल्यांनी माप मागणं बंद केलं. म्हणाले, ‘बरोबर आहे. एक टाका इकडचा तिकडं झाला तर सीटवर माणूस फक्त घसरतो.’

अडीअडचणीच्या पॅराशूटची पिशवी आणखी वेगळी. ती कशालाच बांधलेली नसते. पॅराशूट सोडला की ती आपल्या छोट्या चूटसकट वाऱ्यावर निघून जाते. बांधलेली नाही म्हणूनच ती अडकत नाही, हा त्यामागचा विचार. माणूस सुखरूप उतरतो आणि मग मित्रांना घेऊन शेतं धुंडाळतो, कारण नवी घ्यायची तर खिसा फाटतो. हे ऐकून स्टोअरवाल्यांना एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. रिटर्नेबल पॅकेजिंग! पार्टीकडं गेलेल्या बिन आणि ट्रॉल्या परत आणण्यात त्यांची हयात गेली. ‘ती पिशवी आपल्या गंगापूर तालुक्यात पडली असती ना,’ ते म्हणाले, ‘तर तुमचा भाचा पोचेपर्यंत तिच्यात कापूस वेचून झाला असता. वर म्हणले असते, मोजून घ्या.’

घरी आमच्या सौभाग्यवतींना या चर्चेचं कौतुक नाही. तिचं म्हणणं, शीतल महाजन नऊवारी नेसून विमानातून उडी मारते आणि हा मुलगा एका पिशवीसाठी आंतरराष्ट्रीय फोन करतो. तिचा मुद्दा बिनतोड आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडच्या पट्टायाला, १३,००० फुटांवरून, पुण्याच्या या बाईनं नऊवारीत उडी मारली. आधी साडी, तिच्यावर पॅराशूट, मग हेल्मेट, गॉगल, बूट. २००४ साली तिनं उत्तर ध्रुवावर उडी मारली ती तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ मध्ये दक्षिण ध्रुव झाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढं लांब कापड अंगाभोवती असताना पिन आणि पट्टी मोकळी ठेवणं म्हणजे काय, हे तिला विचारायला हवं. सौभाग्यवतींनी त्यावर एवढंच सांगितलं की कासोटा नीट घातला असेल तर काहीही उडत नाही, आणि हे समजायला पुरुषांना टपरीवर बसावं लागतं.

बैठकीचा शेवटचा दिवस खोकेवाल्यांनी खाऊन टाकला. हे कोरुगेटेड खोकी पुरवतात. पिशवीत त्यांना काडीचा रस नव्हता. पण बोलता बोलता गॅरी कॉनरीचं नाव निघालं. २३ मे २०१२ ला हा ब्रिटिश स्टंटमन हेलिकॉप्टरमधून सुमारे २,४०० फुटांवरून विंगसूट घालून निघाला आणि पॅराशूट न उघडताच थेट खाली उतरला, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर. १८,६०० खोकी रचली होती. खोकेवाले उठूनच उभे राहिले. ‘तीन प्लाय का पाच प्लाय?’ ते मला ठाऊक नव्हतं. ‘जीएसएम? बर्स्टिंग फॅक्टर?’ तेही नव्हतं. मग त्यांनी बिलाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला, वाहतूक, जीएसटी, आणि वापरलेली खोकी रद्दीत गेल्यावर सुटणारी रक्कम वजा. निष्कर्ष असा निघाला की पिशवीचा नादच सोडावा, भाच्यानं दर शनिवारी एक ट्रेलर मागवावा, क्रेडिट पंचेचाळीस दिवसांचं देता येईल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला या सगळ्यात बिल बूथची एक गोष्ट पटली. कात्री न लावता बिघडलेला पॅराशूट खांद्यावरून सोडून देता येतो ती तीन कड्यांची युक्ती याचीच. त्याचं निरीक्षण असं, की सामान जितकं सुरक्षित होत जातं तितकी माणसं जास्त धाडस करत जातात, आणि मरणाऱ्यांचं प्रमाण होतं तिथंच राहतं. नगर रस्त्यावर ज्यांनी खड्ड्यांतून तीसनं गाडी हाकली आणि रस्ता गुळगुळीत झाल्यावर तिथंच नव्वदनं हाकली, त्यांना हे सांगायला बूथ लागत नाही. म्हणून मी भाच्याला विचारलं, पीळ थांबला की काय करणार? तो म्हणाला, ‘मोठा विंगसूट घेणार.’

शेवटी त्यानं घेतली ती सेमी-स्टोलेस पिशवी, बुटकी, मऊ कोपऱ्यांची, मापाची, तोंडाला दोन साधी रबरं, चुंबक नाही. सीटकव्हरवाल्यांना हा आपला विजय वाटतो, प्रेस शॉपवाल्यांना आपला. क्वालिटीवाले दर सोमवारी भाच्याकडून रिपोर्ट मागवतात. पीळ अजून पडलेला नाही, पण ‘सॅम्पल साइज लहान आहे’ म्हणून त्यांनी फाइल बंद केलेली नाही.

बोलता बोलता भाच्यानं एक रीत सांगितली ती मात्र मला फार आवडली. रोजचा पॅराशूट ज्याचा तो घडी करतो, किंवा पैसे देऊन करून घेतो. अडीअडचणीचा मात्र परवानाधारक रिगरनंच पॅक करायचा असतो. आणि त्या पॅराशूटनं कधी जीव वाचवला तर वाचलेला माणूस रिगरला दारूची बाटली नेऊन देतो. पॅकिंगवाल्याला बाटली! आमच्या वाळूजला बिअरचे कारखाने हाकेच्या अंतरावर असून आख्ख्या नोकरीत मला कुणी रिकामीही दिली नाही. मी म्हटलं, ‘मग, मामाची बाटली कधी?’

‘नाही ना मामा,’ भाचा म्हणाला. ‘मेन नीट उघडला तर कुणालाच काही मिळत नसतं. रिझर्व्ह वापरावा लागला तरच बाटली.’

टपरीवर हा मुद्दा मांडला तेव्हा स्टोअरवाल्यांचं मत पडलं, की पोरानं एकदा तरी रिझर्व्ह वापरून पाहायला हरकत नाही, बाटलीचं आपण वाटून घेऊ. बहिणीच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही, असं बैठकीत एकमतानं ठरलं आहे.